स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा: आधी कारण शोधावे

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यात कापूस-तुरीची शेती करतो. माझे वडील ६१ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर गेल्या वर्षी नागपूरला त्यांना औषधी लेप असलेला एक स्टेंट बसवला. काही महिने बरे गेले, परंतु आता वावरापर्यंत चालत गेले की छाती आवळल्यासारखी होते आणि बसल्यावर थांबते. पुन्हा अँजिओग्राफी केली असता स्टेंटच्या आतच नस अरुंद झाल्याचे कळले. स्टेंट खराब निघाला का? तो काढता येतो का? औषधी फुगा, दुसरा स्टेंट आणि बायपास यांपैकी काय करावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची जाळी, काढण्याचा विचार सोडून द्यावा. बसवल्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या जाळीवर पेशींचा थर चढू लागतो आणि पुढे ती जाळी रक्तवाहिनीच्या भिंतीचाच भाग होते. अडथळा पुन्हा आला म्हणजे स्टेंट खराब होता, असेही नाही. स्टेंट बसवताना फुगवलेला फुगा आणि स्टेंटचा धातू यांमुळे भिंतीला इजा होते आणि ती भरून निघताना काही जणांत पेशींची वाढ प्रमाणाबाहेर जाते. साध्या धातूच्या स्टेंटच्या काळात शंभरांतील २० ते ३० रुग्णांत असे घडत असे. औषधी लेपाच्या स्टेंटमुळे हे प्रमाण बरेच खाली आले, मात्र शून्यावर आले नाही. मधुमेह, बारीक रक्तवाहिनी आणि लांब स्टेंट यांमुळे धोका वाढतो.

दुसरे कारण निराळे असते आणि माझ्या मते तेच अधिक वेळा नजरेतून सुटते: भिंतीत कॅल्शियम साठून ती कडक झालेली असेल, तर स्टेंट मुळातच पूर्ण उघडलेला नसतो. साध्या अँजिओग्राफीत हा फरक नीट दिसत नाही. त्यासाठी रक्तवाहिनीच्या आत बारीक नळी नेऊन आयव्हीयूएस (ध्वनिलहरींनी) किंवा ओसीटी (प्रकाशाने) तपासणी करावी लागते. ‘ही तपासणी करणार आहात का?’ हा प्रश्न आपण डॉक्टरांना अवश्य विचारावा. स्टेंट अर्धवट उघडलेला असेल, तर उच्च दाबाचा कडक फुगा, आणि कॅल्शियम फारच कठीण असेल तर ते आघातलहरींनी फोडणारा फुगा वापरून आधी तो उघडावा लागतो. तसे न करता औषध लावण्यात फारसा अर्थ नाही.

पेशींची वाढ हेच कारण ठरले, तर औषधी फुगा आणि नवा औषधी स्टेंट हे दोन्ही मार्ग खुले असतात. औषधी फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल किंवा सिरोलिमस यांचा लेप असतो. साधारण अर्धा ते एक मिनिट तो भिंतीवर दाबून धरतात, औषध भिंतीत उतरते आणि फुगा बाहेर काढला जातो, म्हणजे आत नवा धातू राहत नाही. युरोपात तो बऱ्याच वर्षांपासून वापरात आहे. अमेरिकेत हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी पहिल्या अशा फुग्याला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र औषधी स्टेंटमधील अडथळ्यात नव्या औषधी स्टेंटनंतर पुन्हा उपचार करण्याची वेळ काहीशी कमी येते, असे एकत्रित अभ्यासांत दिसले आहे. स्टेंटचा एकच थर असताना दोन्हींचा विचार व्हावा. आधीच स्टेंटचे दोन थर असतील, तर मी फुग्याकडे झुकेन. मधुमेहासोबत अनेक रक्तवाहिन्यांत अडथळे असतील, किंवा त्याच जागी अडथळा वारंवार येत असेल, तर बायपासचा सल्ला गांभीर्याने घ्यावा.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत. पेरणीच्या हंगामात पैसा अडला की आधी गोळ्या अडतात, हे आपल्याकडे सर्रास घडते. गोळ्या अचानक बंद केल्यास स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊ शकते आणि ती या हळूहळू येणाऱ्या अडथळ्यापेक्षा कितीतरी घातक असते. बसून असतानाही छातीत दुखू लागले व थांबेना, तर १०८ ला फोन करावा. उद्याच्या एसटीची वाट पाहू नये. वडील खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खात असतील तर तो पूर्ण बंद करावा, ‘थोडाच खातो’ हे चालणार नाही.

जाताना दोन्ही अँजिओग्राफीच्या सीडी आणि जुन्या स्टेंटचे माप लिहिलेले कागद सोबत न्यावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे, परंतु औषधी फुग्याचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधीच विचारून घ्यावे.