माउस हलला की स्पीकर चिरचिरतो

प्रश्न: माझे छोटे स्पीकर वीज संगणकाच्या यूएसबीतून घेतात आणि आवाज हिरव्या जॅकमधून. गाणं बंद असलं तरी बारीक चिरचिर चालूच असते. माउस हलवला किंवा पान वर-खाली सरकवलं की ती बदलते. शिवाय मागे एक मंद ‘सूं’ असतो. नवीन साउंड कार्ड घ्या, असं एकानं सुचवलंय. घेऊ का?

उत्तर: इतक्यात नको. माउस हलवल्यावर चिरचिर बदलते हे तुम्ही नेमकं टिपलंत, आणि तिथंच दुखणं सापडतं. पडद्यावरचं चित्र बदलायला लागलं की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड कमी-जास्त वीज ओढतात. तो चढउतार यूएसबीच्या 5 व्होल्टच्या तारेत आणि ग्राउंडमध्ये, म्हणजे वीज परत नेणाऱ्या सामाईक तारेत, उमटतो. तुमचे स्पीकर संगणकाच्या ग्राउंडला दोन वाटांनी जोडलेत: एक यूएसबीची तार, दुसरी जॅकची केबल. दोन्ही मिळून एक बंद वेटोळं तयार होतं, यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्यात फिरणारा नको तो प्रवाह आवाजाच्या तारेतून जातो आणि अ‍ॅम्प्लिफायर गाण्याबरोबर त्यालाही मोठं करतो. नवं साउंड कार्ड त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच ग्राउंडवर बसणार. वेटोळं तसंच राहणार. म्हणून मी थांबा म्हणतोय.

आधी हे करा. जॅक तसाच राहू द्या, फक्त यूएसबीची तार संगणकातून काढून पॉवर बँकेला लावा. चिरचिर गेली की निदान पक्कं. मग रोजच्या वापराला मोबाइलचा चांगला चार्जर लावा. पॉवर बँकेवर शांत असलेले स्पीकर चार्जरवर घूं करायला लागले, तर दोष त्या चार्जरचा. दुसरा लावून बघा. वेगळा चार्जर नकोच असेल, तर जॅकच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्या डबीत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, डाव्या-उजव्या आवाजाला एकेक. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तार मात्र तुटलेली असते. हलक्या प्रतीच्या डबीत खर्जाचा आवाज थोडा पातळ होतो, म्हणून माझी पहिली पसंती वेगळ्या चार्जरलाच.

आता तो ‘सूं’. जॅक संगणकाच्या बाजूनं काढा, स्पीकर चालू ठेवा. (टोकाला बोट लागलं तर मोठ्यानं घूं होईल, घाबरू नका, आसपासच्या वायरिंगची गुणगुण तुमच्या अंगातून तिथं पोचते.) तरीही सूं राहिला, तर तो अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आहे आणि थोडासा प्रत्येक स्पीकरला असतो. बरेचजण संगणकाचा आवाज अगदी कमी ठेवतात आणि स्पीकरचा नॉब पूर्ण फिरवतात. मग सूंसुद्धा फुगतो. उलटं करा: संगणकाचा आवाज 80-90 टक्क्यांवर न्या, नॉब खाली आणा. साउंड सेटिंगमध्ये माइक किंवा लाइन-इनचा आवाज स्पीकरवर ऐकू येण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करा.

प्रश्न: लॅपटॉप चार्जिंगला लावला की मोठ्या स्पीकरमधून जाड ‘घूं’ येतो, चार्जर काढला की थांबतो. स्पीकरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकावी का?

उत्तर: कृपा करून ती पिन काढू नका. स्पीकरच्या आत विजेची तार सुटून धातूच्या भागाला टेकली, तर अर्थिंगमुळेच फ्यूज उडतो किंवा ब्रेकर पडतो. पिन नसेल तर तो झटका हात लावणाऱ्याला बसतो. हासुद्धा ग्राउंड लूपच आहे, फक्त यातली गुणगुण मुख्य विजेची: 50 किंवा 60 हर्ट्झ आणि तिच्या पटी. चार्जर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, बऱ्याचदा तेवढ्यानं घूं उतरतो. नाहीच उतरला तर आयसोलेटर लावा, पण तो लॅपटॉपपासून स्पीकरकडे जाणाऱ्या ऑडिओ केबलवर. विजेच्या तारेला हात लावायची गरजच नाही.