इंटरसेप्शनच्या कायद्यासाठी कंपनीने तयारी कोठून सुरू करावी?

ग्राहकांचे फोन ध्वनिमुद्रित करणाऱ्या, कर्मचाऱ्यांच्या ईमेलवर देखरेख ठेवणाऱ्या आणि अनेक देशांत ग्राहक असलेल्या कंपनीने इंटरसेप्शनविषयक (म्हणजे दुसऱ्यांचे संभाषण मध्येच पाहणे, ऐकणे वा साठवणे यासंबंधीच्या) कायद्यांसाठी काय तयारी करावी, असे आपण विचारले आहे. मी याच प्रकारचे काम करत असल्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

धोरणाचा मसुदा लिहायला बसण्यापूर्वी, संभाषणात सहभागी नसलेली व्यक्ती किंवा यंत्रणा ते संभाषण कोठेकोठे पाहू, ऐकू वा साठवू शकते, याची यादी करावी. ध्वनिमुद्रण सर्वांना आठवते. परंतु ईमेलची प्रत परस्पर दुसऱ्या खात्यात पाठवणारा नियम, पर्यवेक्षकाला चालू कॉल ऐकू देणारी सोय, एन्क्रिप्ट केलेली माहिती मध्येच उघडून तपासणारा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) आणि ऑनलाइन बैठकीचे टिपण आपोआप काढणारे सॉफ्टवेअर यांच्याकडे दुर्लक्ष होते. (शेवटचे तर एखाद्या विभागाने कोणालाही न विचारता सुरू केलेले असते.)

त्यानंतर संमतीचा प्रश्न येतो, आणि येथेच बहुतेक कंपन्यांची गफलत होते. नेमणूकपत्रात कर्मचाऱ्याची सही घेतली की काम झाले असे त्या समजतात. मात्र फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ग्राहकाने तशी सही केलेली नसते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार संभाषणातील एका पक्षाची संमती सामान्यतः पुरते, तर कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषणासाठी सर्व पक्षांची संमती लागते. एका दलाली पेढीची जॉर्जियातील शाखा कॅलिफोर्नियातील ग्राहकांचे कॉल त्यांना न कळवता ध्वनिमुद्रित करत होती, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कॅलिफोर्नियाचाच कायदा लागू केला. म्हणून सर्वांत कडक नियम प्रमाण मानून प्रत्येक कॉलच्या आरंभीच सूचना ऐकवणे मला श्रेयस्कर वाटते.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत पूर्वसूचना नेमकी असावी लागते. बर्बुलेस्कु विरुद्ध रोमानिया या खटल्यातील कर्मचाऱ्याला कार्यालयीन साधनांचा खासगी वापर निषिद्ध असल्याचे ठाऊक होते. तरीही देखरेखीचे स्वरूप व व्याप्ती आणि संदेशांतील मजकूर वाचला जाण्याची शक्यता त्याला आधी सांगितलेली नव्हती, ही बाब युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2017 मध्ये महत्त्वाची मानली आणि निकाल त्याच्या बाजूने दिला. दक्षिण आफ्रिकेचा 2002 चा कायदाही व्यवसायाच्या ओघातील इंटरसेप्शनला मुभा देताना, ती यंत्रणा वापरणाऱ्यांना आगाऊ कळवण्याचे वाजवी प्रयत्न किंवा त्यांची संमती आवश्यक मानतो. त्यामुळे ‘कंपनी देखरेख ठेवू शकते’ एवढे मोघम वाक्य पुरेसे नाही. कोणती साधने, कोणत्या कारणासाठी, कोणाच्या मंजुरीने आणि मजकूर वाचला जाईल की नाही, हे स्पष्ट लिहावे.

ध्वनिमुद्रणे कोण उघडू शकतो आणि ती कधी नष्ट होतील, हे लेखी ठरवावे. ग्राहक कार्डावरील सुरक्षा क्रमांक सांगत असताना ध्वनिमुद्रण थांबले पाहिजे, कारण व्यवहार मंजूर झाल्यावर तो साठवण्यास कार्ड उद्योगाच्या मानकांत मनाई आहे.

सरकारी यंत्रणांकडून संभाषणांची माहिती मागितली जाते, त्या मागणीसाठी एकच जबाबदार अधिकारी आणि त्याचा पर्यायी अधिकारी नेमावा. आदेश देणाऱ्याचा अधिकार, आदेशाची मुदत व व्याप्ती तपासून तेवढीच माहिती द्यावी आणि प्रत्येक टप्पा नोंदवावा. काही देशांत आणीबाणीच्या प्रसंगी तोंडी मागणीही वैध असते, म्हणून अशा वेळी कोणाला फोन करून खातरजमा करायची, हे आधीच ठरवून ठेवावे.