रूळ पाण्यापाशीच का संपले?

प्रश्न : माझी सगळी नोकरी सोलापूर डिव्हिजनमध्ये गेली, आता रिटायर आहे. मागच्या उन्हाळ्यात मुलाकडे जर्सी सिटीला गेलो होतो. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीची बोट जिथनं सुटते तिथंच लाल विटांचं टोलेजंग जुनं स्टेशन आहे, आत भलामोठा हॉल, पण गाडी एकही नाही आणि मागच्या शेडमध्ये चक्क झाडं वाढलीत. न्यूयॉर्क समोर दिसतंय आणि स्टेशन अलीकडच्या काठाला, असं कोण बांधतं? आणि बंद का पडलं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : काका, तुम्हाला कुर्डुवाडी सांगायला नको. पंढरपूरला जाणारा माणूस मोठ्या गाडीतनं तिथं उतरायचा आणि बार्शी लाईट ह्या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या छोट्या डब्यात जाऊन बसायचा, इथंही तसंच होतं, फक्त दुसरी गाडी म्हणजे बोट! हे सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं टर्मिनल, आत्ताची इमारत 1889 ची, त्याच्या आधीपण तिथं स्टेशन होतंच. हडसन नदी तिथं जवळपास मैलभर रुंद, खाली दलदलीचा गाळ, पूल नाही बोगदा नाही, म्हणून पश्चिमेकडनं येणाऱ्या रेल्वे कंपन्यांनी आपापले रूळ काठापर्यंत आणून थांबवले आणि पुढं माणसं स्वतःच्या फेरीबोटीतनं न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या लिबर्टी स्ट्रीटच्या धक्क्यावर नेली.

उलट्या दिशेलाही मोठी वर्दळ होती. 1892 ला शेजारी एलिस बेटावर परदेशातनं येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली, आणि तिथनं सुटका झालेली इटलीची, पोलंडची, रशियाची लाखो माणसं बोचकी घेऊन बोटीनं ह्याच स्टेशनात यायची आणि इथनं गाडी पकडून आत देशभर पांगायची. म्हणजे त्यांनी अमेरिकेतली पहिली गाडी पकडली ती इथं.

तुम्ही ज्या शेडमध्ये झाडं बघितली ती 1914 ची, वीस रुळांची, आणि मला विचाराल तर सगळ्यात बघण्यासारखी तीच आहे. आधी मोठ्या स्टेशनांवर उंच कमानींची छपरं असायची, धूर वर कोंडायचा, लोखंड खायचा, काचा काळ्या करायचा. बुश नावाच्या इंजिनियरनं छप्पर उलट एकदम खाली आणलं आणि प्रत्येक रुळाच्या बरोबर वर लांबलचक फट सोडली, इंजिनाचं धुरांडं त्या फटीखाली, धूर सरळ बाहेर आणि प्लॅटफॉर्मवरचा माणूस कोरडा. वाफेच्या इंजिनाची सवय असलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

आता बंद का पडलं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडनं 1910 ला नदीखालनं बोगदा काढला आणि विजेच्या इंजिनावर गाडी थेट मॅनहॅटनमध्ये नेली, ह्या कंपनीला ते कधी जमलं नाही. मग 1927 ला मोटारींसाठी हॉलंड टनेल, 1931 ला जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, लोक मोटारीत बसून परस्पर पलीकडे जायला लागले, आणि रेल्वेच्या गळ्यात रिकाम्या बोटींचा खर्च राहिला. 1967 च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, 30 एप्रिलला शेवटच्या गाड्या आणि बोटी, त्यानंतर गाड्या जवळच्या नेवार्क शहरातल्या स्टेशनला वळवल्या, तिथनं पुढं नदीखालच्या पाथ ट्रेननं जायचं.

यार्डाची जागा राज्य सरकारनं घेऊन 1976 ला लिबर्टी स्टेट पार्क केलं म्हणून इमारत तरी वाचली. 2012 च्या सँडी वादळात आत पाणी शिरून बरंच नुकसान झालं होतं ते दुरुस्त केलंय. शेडचं मात्र तसं झालं नाही, लोखंड गंजतंय, काँक्रीट सुटतंय, आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण धूर बाहेर सोडायची ती युक्ती त्या शेडमध्येच समजते. पुढच्या वेळी गेलात तर कुंपणाबाहेर उभं राहून छपराच्या त्या फटी नीट बघा, आणि नातवंडांना इंजिन नेमकं कुठं उभं राहायचं ते दाखवा.