प्रार्थनेची वेळ काढायची तर आकाश बघावं लागतंच

प्रश्न: ताई, मी आणि मित्र मिळून एक स्ट्रॅटेजी गेम बनवतोय, प्राचीन काळापासून साधारण 1700 पर्यंतचा. आत्ता रूल असा आहे की धर्म वाढला की संशोधनाचा वेग कमी होतो. पण त्यामुळे देवळं, मठ कुणी बांधतच नाहीये. मायनसच्या जागी प्लस करू का?

उत्तर: प्लस पण नको आणि मायनस पण नको, असं मला अगदी मनापासून वाटतं. धर्माने ज्ञान वाढवलं की अडवलं हा प्रश्नच फार ढोबळ आहे. इतिहासात बघितलं तर धर्म आधी माणसाला कामाला लावतो. यज्ञाचे तीन अग्नी, एकाची जागा चौकोनी, एकाची गोल, एकाची अर्धगोल आणि क्षेत्रफळ मात्र तिन्हींचं सारखं पाहिजे, आता हे करायचं कसं? त्यातूनच शुल्बसूत्रांतली (वेदी बांधायच्या मापांचे जुने संस्कृत ग्रंथ) भूमिती आली आणि आपण शाळेत पायथागोरसच्या नावाने शिकतो तो कर्णाचा नियम बौधायनाने वेदीच्या मापासाठी सांगून ठेवला. ख्रिश्चनांचा ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे सूर्य, चंद्र आणि वार तिघांचं गणित जमवायचं, आणि शतकानुशतकं थोडं थोडं चुकत गेलं म्हणून शेवटी 1582 मध्ये पोप ग्रेगरीने कॅलेंडरमधून 10 दिवसच काढून टाकले. नमाजाला मक्केची दिशा लागते, ती लांबच्या शहरातून अचूक काढायची तर गोलावरची त्रिकोणमिती लागते, आणि वेळा काढायला मशिदीत मुवक्कित म्हणून खास माणूस नेमलेला असायचा.

म्हणून प्रत्येक धर्माला दोन-तीन गरजा द्या. सणाची तारीख, प्रार्थनेची दिशा, वेदीचं माप, ग्रंथाच्या प्रती. गरज भागली की प्रजा खूश, आणि ती भागवताना जे शिकलं ते दुसरीकडे पण वापरता येतं, दिशेसाठी केलेली त्रिकोणमिती पुढे नकाशे काढायला. मग बघा मठ कसे बांधतात लोक!

ग्रंथांच्या प्रतींवर जरा जास्त वेळ द्या, गेमची खरी मजा तिथे आहे. ताडपत्रं, कागद सगळं खराब होतं, पुन्हा नक्कल केली नाही तर ज्ञान जातं, त्यामुळे काही टर्न नक्कल झाली नाही तर शिकलेली गोष्ट विसरली जावी. ह्युएन त्संग नालंदाला शिकला आणि 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन चीनला परतला. पुढे 1200 च्या आसपास नालंदाचा नाश झाला तरी तिथली बरीच विद्या चीन-तिबेटमधल्या भाषांतरांत शिल्लक राहिली, म्हणजे आपल्या ग्रंथांच्या प्रती शेजाऱ्याकडे असणं हा विमाच झाला. आणि ग्रंथाच्या प्रती काढणं बौद्धांमध्ये पुण्याचं काम, तारीख असलेलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक जे आज आपल्याकडे आहे ते 868 मधलं वज्रच्छेदिका सूत्र, फुकट वाटायला छापलेलं.

आता अडवण्याचं. ते पण झालंय, लपवू नका. इस्तंबूलला सुलतान तिसऱ्या मुरादने 1577 मध्ये वेधशाळा उभी केली आणि धर्माधिकाऱ्यांच्या सल्ल्यावरून 1580 मध्ये स्वतःच पाडली. गॅलिलिओवर 1633 मध्ये चर्चने खटला चालवला, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणाला म्हणून. पण त्याच चर्चच्या इटलीत बोलोन्यातल्या देवळात 1655 मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने जमिनीवर मध्यान्ह रेषा आखली, सूर्याचे वेध घ्यायला! म्हणजे अडचण बहुतेक वेळा आकाश बघण्याची नसते, निघालेल्या उत्तराची असते, आणि उत्तर द्यायचा अधिकार कुणाचा याची. तेव्हा भांडण तिथेच ठेवा: शोध अधिकाऱ्यांना पटला नाही की खेळाडूने ठरवायचं, दाबायचा (मग विद्वान शेजारच्या राज्यात जाणार) की पाठीशी उभं राहायचं आणि धर्मपीठाचा राग सोसायचा.

प्रश्न: सामान्य लोकांची साक्षरता गेममध्ये कधी आणायची, छपाई आल्यावर का?

उत्तर: नुसत्या छपाईने नाही होत, वाचायचं कारण पण लागतं. स्वीडनमध्ये 1686 च्या चर्च कायद्याने सगळ्यांना वाचायला शिकणं भाग पडलं, आणि पाद्री वाचन तपासायचे. पण लिहिण्याची सक्ती नव्हती, म्हणून वाचता येणारे भरपूर आणि लिहिता येणारे कमी अशी स्थिती कितीतरी काळ होती. तुमच्या गेममध्ये वाचन आणि लेखन असे दोन वेगळे आकडे ठेवा.