वाचकांचे प्रश्न: हार्ड डिस्कवरचे बॅड सेक्टर

प्रश्न: माझ्या लॅपटॉपमध्ये १ टीबीची हार्ड डिस्क आहे. काही फोल्डर उघडताना मिनिटभर सगळं अडकतं. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवतं. ०५ समोर शून्य आहे, पण सी५ समोर शेवटी १८ दिसतं. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवून दुरुस्त करू का?

उत्तर: आत्ता नको. आधी डेटा बाहेर काढा, चेकडिस्कचं नंतर बघू.

तुम्हाला दिसणारा आकडा आधी नीट वाचून घेऊ. क्रिस्टलडिस्कइन्फो कच्चे आकडे सहसा सोळाच्या पद्धतीत दाखवतं, त्यामुळे ते १८ म्हणजे आपले २४. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटा ठेवायचा छोटा कप्पा, आणि सी५ म्हणजे 'पेंडिंग' सेक्टर: डिस्कला ते वाचता आले नाहीत, पण बाद करायचे की नाही हे अजून ठरलेलं नाही. अलीकडच्या डिस्कवर खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटचे आठ तुकडे म्हणून दिसतो. म्हणून हा आकडा बऱ्याचदा आठ-आठने चढतो. तुमचे २४ म्हणजे बहुधा तीनच जागा. ०५ हा बदललेल्या सेक्टरचा हिशेब आहे. तो शून्य आहे, म्हणजे डिस्कने राखीव साठ्यातला एकही सेक्टर अजून वापरलेला नाही.

फोल्डर अडकण्याचं कारणही हेच. सेक्टर वाचता आला नाही की डिस्क हार मानत नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहते आणि तेवढा वेळ विंडोज ताटकळत बसतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या स्रोताखाली ७ क्रमांकाची नोंद असेल, तर ती याच सेक्टरांची.

मग चेकडिस्क का नको? '/आर' लावलं की तो अख्ख्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचतो. आजारी डिस्कला हे तासन् तास चालणारं ओझं असतं. शिवाय तो फाइल सिस्टिमची दुरुस्ती जागच्या जागी करतो: ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते 'फाउंड.०००' फोल्डरमध्ये 'सीएचके' फाइली म्हणून टाकतो. हे मागे फिरवता येत नाही. ज्या डेटाची दुसरी प्रत नाही, त्याच्यावर हा प्रयोग करू नये.

लॅपटॉप टणक, सपाट टेबलावर ठेवा, चार्जर लावा आणि काम चालू असताना हलवू नका. बाहेरच्या डिस्कवर सगळ्यात आधी जे पुन्हा मिळणार नाही ते घ्या: कागदपत्रं, फोटो, हिशेब. सिनेमे शेवटी, आणि प्रोग्रॅम तर घेऊच नका. नेहमीचं कॉपी-पेस्ट एका खराब फाइलपाशी अडकून बसतं, म्हणून विंडोजमधलंच रोबोकॉपी (आज्ञा टाइप करून चालवायचं कॉपीचं साधन) वापरा. पण त्यात एक खोच आहे: काही सांगितलं नाही तर ते वाचता न आलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणून '/ई /आर:१ /डब्ल्यू:१' हे पर्याय द्यायला विसरू नका. पहिला उपफोल्डर घेतो, दुसरा एकदाच पुन्हा प्रयत्न करायला सांगतो आणि तिसरा मध्ये एकच सेकंद थांबवतो. '/लॉग'ने फाइलवर नोंद घेतलीत तर काय राहून गेलं ते नंतर कळेल.

एवढ्यानेही जमलं नाही, किंवा विंडोज सुरूच होत नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी प्रत काढणारं साधन) वापरा. (उबुंटूत पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे, आज्ञा मात्र 'डीडीरेस्क्यू'च.) नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, आणि तिच्यावर आधीचं जे असेल ते पुसलं जाईल. पहिल्या फेरीत 'एफ' आणि 'एन' पर्याय द्या. चांगला भाग आधी उचलला जातो आणि अडलेल्या जागा बाजूला राहतात. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीचीच मॅपफाइल (कुठला भाग निघाला आणि कुठला अडला याची नोंद) देऊन 'डी', 'एफ', 'आर३' लावा, म्हणजे अडलेल्या जागांवरच तीन वेळा प्रयत्न होतो. मॅपफाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्स बंद केलं की त्यातलं सगळं पुसलं जातं, आणि मॅपफाइल गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आज्ञेत आधी जुनी डिस्क येते, मग नवी. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल. म्हणून एंटर दाबण्याआधी 'एलएसबीएलके'मध्ये (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी लिनक्सची आज्ञा) दोन्हींचे सीरियल क्रमांक ताडून बघा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच काढून ठेवा.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर यातलं काहीच करू नका. तडक बंद करा. दोष हेडमध्ये (डिस्क वाचणाऱ्या भागात) असू शकतो आणि प्रत्येक मिनिटाला पृष्ठभाग खरवडला जाण्याचा धोका आहे. डेटा मोलाचा असेल तर ती थेट डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला ऐकू नका, आत दव धरतं.

प्रश्न: डेटा निघाला. 'लो-लेव्हल फॉरमॅट'ने बॅड सेक्टर जातात का?

उत्तर: आज या नावाने मिळणारी साधनं फक्त सगळीकडे शून्य लिहितात. खरं लो-लेव्हल फॉरमॅट कारखान्यातच होतं. तरीही शून्य लिहिण्याचा उपयोग आहे, कारण पेंडिंग सेक्टरचा निकाल त्यावर लिहिताना लागतो. नीट लिहिलं गेलं तर सेक्टर पुन्हा कामाला लागतो (लिहिताना वीज गेल्यामुळे बिघडलेले असे सुधारतात). नाही लिहिलं गेलं तर डिस्क राखीव सेक्टर त्या जागी लावते आणि ०५ वाढतो.

विंडोजच्या डिस्कपार्ट या साधनात आधी योग्य डिस्क निवडून 'क्लीन ऑल' (सगळीकडे शून्य लिहिणारी आज्ञा) चालवा, मग 'स्मार्टसीटीएल' या साधनाने डिस्कची लाँग टेस्ट घ्या. सी५ शून्य, ०५ स्थिर आणि टेस्ट पूर्ण झाली, तर दुय्यम कामाला डिस्क ठेवता येईल. महिन्याभरात आकडा पुन्हा हलला तर मात्र ती डिस्क सोडा. दहा बदललेले सेक्टर वर्षभर दहाच राहिले तर चिंता नको. काल दोन आणि आज वीस असतील तर पृष्ठभागावर खरवडा पडल्याची किंवा कण सुटल्याची शंका घ्या. लॅपटॉप पडलेला असेल तर आम्ही एकाही बॅड सेक्टरवर विश्वास टाकणार नाही.

प्रश्न: जुनी डिस्क एसएसडीवर क्लोन केली. नव्या एसएसडीवरही चेकडिस्क बॅड सेक्टर दाखवतो. एसएसडी सदोष आहे का?

उत्तर: बहुधा नाही. एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) बाद क्लस्टरची, म्हणजे सेक्टरांच्या गटांची, यादी स्वतःजवळ ठेवतं आणि क्लोन करताना ती यादीही तशीच उतरते. चेकडिस्क '/बी' पर्यायासह चालवा. तो त्या जागा नव्याने तपासून चांगल्या असतील त्या यादीतून काढतो. त्याआधी एसएसडीचे स्मार्ट आकडे (क्रिस्टलडिस्कइन्फो दाखवतं ते) एकदा बघा.

प्रश्न: ०५ आणि सी५ शून्य, पण सी७ वाढतोय?

उत्तर: सी७ ही डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरची चूक आहे. लॅपटॉप बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि डिस्कची चपटी केबल व कनेक्टर नीट बसवा. जुना आकडा कमी होत नाही, वाढायचा थांबला की झालं. थांबला नाही तर केबल बदला.