लीडर बदलायचे तर
सुईदोरा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला राहते. मागच्या वर्षी काम थांबवणाऱ्या एका बाईंकडून 12 फुटी फ्रेमसकट जुनं लाँगआर्म मशीन, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या क्विल्टवर फिरवून शिवायचं मोठं मशीन, घेतलं. मशीन छान चालतं, पण दांड्यांना लावलेली कापडं, ज्यांना क्विल्ट टाचतात ते लीडर, मूळचेच आहेत. कडेची टाचण्यांनी चाळण झालीय, दोन ठिकाणी ठिगळं आहेत. गेल्या दोन क्विल्ट उतरवल्या तर एक बाजू पाऊण इंच मोठी आणि मागच्या कापडाला मधोमध चुण्या! नवा संच विकत घेऊ की घरी शिवू? कापड कोणतं, किती? (मी तुमच्याहून लहान आहे, 'अगं' म्हटलंत तरी चालेल.)

उत्तर : अगं, चुण्या मधोमधच का, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्याकडे येणाऱ्या क्विल्ट बहुतेक बाळांच्या नाहीतर सोफ्यावर टाकायच्या, म्हणजे 40 ते 60 इंच रुंदीच्या. त्या चढतात फ्रेमच्या मध्यावर. त्यामुळे 12 फुटांतल्या मधल्या 5 फुटांना कायमच्या टाचण्या आणि कायमचा ताण, आणि दोन्हीकडचे साडेतीन-साडेतीन फूट कोरे करकरीत. वर्षानुवर्षं असं चाललं की मधला भाग ओघळतो. मग मोठी क्विल्ट चढवलीस की कडेला मागचं कापड ताठ आणि मधे सैल. दांडीवर पहिल्या वेढ्यात आलेला हा सैलपणा शेवटच्या वेढ्यापर्यंत तुझ्याबरोबर येतो.

आज रात्री एवढंच कर. लीडर उलगडून टेबलासारखा ताण आणि दर 12 इंचांवर दांडीपासून मोकळ्या कडेपर्यंतचं अंतर मोजून कागदावर लिही. माझ्या जुन्या लीडरचं माप टोकांना पावणेवीस इंच आणि मधे सव्वावीस भरलं होतं. फरक अर्ध्याच इंचाचा, पण मी त्यापायी तीन आठवडे बॉबिनचा ताण पिळत बसले होते! माझ्या वडिलांचे इचलकरंजीत चार यंत्रमाग होते. ताणा, म्हणजे उभे धागे, एका बाजूला सैल पडला की नवा कामगार मागाला शिव्या द्यायचा, आणि वडील त्याला आधी बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, बघायला पाठवायचे. मी त्यांचीच मुलगी, आणि ओहायोतल्या तळघरात मीही मागालाच शिव्या देत होते.

आता विकत की घरी? तयार संच वाईट नसतो. फ्रेमचं मॉडेल अजून चालू असेल आणि हातात वेळ नसेल तर मागव. पण जुन्या फ्रेमला त्याची खाच किंवा पट्टी जुळेलच असं नाही, आणि खरं सांगू, यात शिवण्यासारखं अवघड काहीच नाही. अवघड आहे ते सरळ ठेवणं. ठिगळं नसती तर मी म्हटलं असतं, कड सरळ कापून नवी दुमड घाल आणि वर्षभर चालव. तुझं कापड त्यापलीकडे गेलंय. शिवाय लीडर फार आखूड झाला की क्विल्टच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आधीच मशीन दांडीला टेकतं.

कापड सुती, घट्ट विणीचं आणि न ताणणारं हवं. जीन्सचं कापड घेणार असशील तर त्यात लवचीक धागा नाही ना, ते लेबलवर बघ. फार जाड कॅनव्हास मजबूत दिसतो, पण दुमडीच्या दुहेरी थरातून शंभर टाचण्या घातल्यास की दुसऱ्या दिवशी अंगठा वाकत नाही. मला आवडतं ते जुन्या गाद्यांना असायचं ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड. त्याच्या रेघा ताण्याबरोबर धावतात, त्यामुळे दांडीवर गुंडाळताना कापड तिरकं चाललं तर रेघच चुगली करते.

माप : 12 फूट म्हणजे बरोबर 4 वार, पण साडेचार वार घे. माझं 162 इंच कापड गरम पाण्यात धुऊन ड्रायरमधून काढल्यावर 154 झालं होतं. लीडरची लांबी कापडाच्या लांबीतच घ्यायची, पन्ह्यात नाही. उभा धागा कमी ताणतो. 60 इंची पन्हा असेल तर एका लांबीत 20-20 इंचांचे तिन्ही लीडर निघतात. दोन्ही टोकांना झिगझॅग मारून आधी धू, मगच वेगळे कर. कात्री चालवू नकोस. छोटी चीर देऊन फाड, म्हणजे धागा धरून फाटेल. कापड फाटतच नसेल तर एक उभा धागा ओढून काढ आणि त्या रेघेवरून काप.

इथे एक गोम आहे. लीडर तीन, पण कापडाच्या किनारी दोनच! किनारीचे दोन तुकडे मागचं कापड धरणाऱ्या दोन दांड्यांना दे, किनार मोकळ्या बाजूला ठेवून. मधला तुकडा, ज्याला किनार नाही, तो दुमड घालून वरच्या थराच्या दांडीला. मात्र धुतल्यावर किनारच आकसून चुण्या पडल्या असतील, तर मोह सोड, ती कापून टाक आणि तिथेही दुमड घाल.

जुने लीडर काढायच्या आधी फोटो काढ. प्रत्येक दांडीला चिकटपट्टी लावून नंबर टाक आणि कापड दांडीच्या वरून येतं की खालून, ते बाणाने दाखव. मी हे केलं नव्हतं. एक लीडर उलटा गुंडाळला आणि दांडी धरून ठेवणारं दातेरी चाक, रॅचेट, अडकेना. तुझे लीडर वेल्क्रोवर असतील तर दांडीवरची खरखरीत बाजू तशीच राहू दे, फक्त जुन्या टूथब्रशने तिच्यातली लव काढ. मऊ बाजू नव्या कापडाला शिवायची. शिवताना वेल्क्रो ओढायचा नाही. तो परत आखडतो, कापड आखडत नाही, आणि तुझा लीडर जन्मतःच केळ्यासारखा वाकडा होतो. वेल्क्रोची रेघ मोकळ्या कडेपासून मोजून आख, फाडलेल्या बाजूकडून नको. टाका लांब ठेव आणि कापड खाली लोंबकळू देऊ नकोस. मी मशीनच्या दोन्ही बाजूंना इस्त्रीचं टेबल आणि जेवणाचं टेबल लावते. दांडीला खाच असेल तर दुमडीत दोरी घालून ती टोकाकडून सरकवावी लागते. त्याला दोन माणसं हवीत, नवऱ्याला हाक मार. खाचेत मेणबत्तीचं टोक घासलं की भांडण कमी होतं.

आता खरी युक्ती, जी मला फार उशिरा सुचली. मागच्या कापडाचे दोन्ही लीडर चढवले की त्यांच्या मोकळ्या कडा एकमेकींना टाचून टाक, जणू मधे क्विल्ट नाहीच. नेहमीसारखा ताण दे. मशीनची पुढेमागे होणारी हालचाल लॉक कर आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडद दोऱ्याने एक ओळ शिव, कडेपासून साधारण एक इंच आत. मग थोडं गुंडाळून दुसऱ्या लीडरवर तसंच. ही ओळ मशीन ज्यांवरून सरकतं त्या रुळांना समांतर असते, आणि क्विल्ट शिवली जाते रुळांवरून, कापडाच्या कडेवरून नाही. टाचण्या इथून पुढे या ओळीवर. मध्यही असाच काढ : फ्रेम मोजून मशीन मध्यावर आण, आडवी हालचाल लॉक कर आणि सुईने प्रत्येक लीडरवर छोटी उभी रेघ शिव. तिसऱ्या लीडरलाही पुढे ओढून तेच. मग मध्यापासून दोन्हीकडे इंच लिहीत जा.

लिहायला कपड्यांवरचं पक्कं मार्कर घे, आणि लिहून झाल्यावर ओल्या पांढऱ्या चिंधीने पुसून बघ. एकदा मी हाताला लागलं ते जांभळं पेन वापरलं. गिऱ्हाइकाच्या क्विल्टवरच्या निळ्या खुणा घालवायला पाणी फवारलं, ते लीडरवर उडालं, आणि तिच्या पांढऱ्याशुभ्र मागच्या कापडावर जांभळा 14 उमटला, उलटा. ते कापड मी पदरचे पैसे घालून बदललं.

क्विल्ट झिपने लावता-काढता येते ते झिपवाले लीडर घेऊ का, असं तू विचारलं नाहीस, पण पुढच्या पत्रात विचारशीलच. अर्धी क्विल्ट उतरवून मधेच तातडीची दुसरी चढवायची वेळ तुझ्यावर येत असेल तर घे. मनगट दुखत असेल तर प्लॅस्टिकच्या चिमट्यांची पद्धत बरी. नाहीतर टाचण्या पुरेत, फक्त त्या कापडात टोचून महिनोन्‌महिने ठेवू नकोस. तळघराच्या ओलीत गंजतात आणि डाग पुढच्या क्विल्टला लागतो.

नव्या लीडरवर पहिली क्विल्ट घरचीच चढव. दोन-तीन क्विल्टनंतर पुन्हा दर 12 इंचांवर मोज, कापड थोडं बसलेलं असेल. आणि लहान क्विल्ट कधी डावीकडे, कधी उजवीकडे सरकवून चढवत जा.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला आले आहे. तिच्या मैत्रिणीचं हे मोठं मशीन पाहिलं. माझ्याकडे सासूबाईंची तीन सुती लुगडी आहेत. त्यांची गोधडी यावर होईल का? की हातानेच धावदोरा घालू? (सांगली)

उत्तर : होईल, पण मशीनवाल्या मैत्रिणीला दोन गोष्टी सांगा. जुनं सूत टाचण्यांच्या ओळीवर ताण आला की टरकन फाटतं. म्हणून खालच्या थराच्या वरच्या-खालच्या कडेला मांजरपाटाची सहा-सहा इंची पट्टी जोडा, टाचण्या त्या पट्टीत घाला आणि काम झालं की पट्टी उसवून टाका. ताणही नेहमीपेक्षा ढिलाच ठेवायचा. लुगडी आधी उजेडासमोर धरून बघा. जिथून उजेड आरपार येतो तो भाग मधल्या थरात जाऊ द्या. हाताने घालायला वेळ आणि डोळे असतील तर मी हातानेच घालेन, पण ते तुम्ही ठरवा. एखाद्या पदराला जरीची पट्टी असली तर मात्र ती आधी काढून घ्या, सुई तिच्यावर मोडू शकते.