किट देण्याआधी कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते बघा

तुमचा प्रश्न असा: ठाण्यातली आमची सोसायटी प्राथमिक शाळांना विज्ञानाचं साहित्य देणार आहे, गरीब आणि पैसेवाल्या, दोन्ही शाळांतल्या मुलांना उपयोगी पडेल असं काय द्यावं?

मी निवृत्त शिक्षिका. शनिवारी दोन शाळांत जाते. एक वागळे इस्टेटच्या बाजूची मराठी माध्यमाची, दुसरी घोडबंदर रोडवरची, फी लाखाच्या घरातली. पहिल्या शाळेत भिंगं, चुंबक, तराजू सगळं होतं, पण कुलपात. कारण वस्तू एकदा डेड स्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) चढली की फुटली तरी जाब बाईंनाच द्यायचा. मग कोण कशाला मुलांच्या हातात देईल? दुसरीकडे प्रयोगशाळा चकाचक, पण पाचवीच्या मुलांनी फळ्याएवढ्या पडद्यावर प्रयोग ‘बघायचा’. हात दोन्हीकडे कोरडेच.

मी पाचवीला एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि एकच वायर दिली. म्हटलं, पेटवा. दोन्ही शाळांत बहुतेकांनी तीच चूक केली: सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडाला वायर, झालं! वागळेतला एक मुलगा तर भांडायलाच उठला, “बाई, घरी पण प्लगला एकच वायर जाते.” मी उत्तर दिलं नाही. पुढच्या शनिवारी घरातला मोडका चार्जर नेला आणि त्याची वायर कापून सोलायला दिली. आत दोन निघाल्या, एक लाल, एक काळी. तो बराच वेळ नुसता बघत राहिला. मग सेल उचलून बल्बचं बूड थेट त्याच्या एका टोकावर टेकवलं आणि वायर दुसऱ्या टोकापासून बल्बच्या पत्र्याला लावली. घोडबंदरला याच कामाला दोन तास गेले, कारण तिथल्या मुलांना चुकायचीच भीती. (पालकांनाही. एकीने फोन करून विचारलं, हे परीक्षेला आहे का?)

म्हणून म्हणते, फुटलं-हरवलं तरी कोणी विचारणार नाही असं स्वस्त सामान द्या आणि ते रजिस्टरला चढवू नका असं मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्या. त्याहून जास्त खर्च शिक्षकांवर करा. मध्य प्रदेशात 1972 ला सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात किट होतंच, पण शिक्षकांची प्रशिक्षणं आणि मासिक बैठकाही होत्या, परीक्षाही पुस्तक उघडून द्यायची. आपल्याला तर मुंबईत मानखुर्दलाच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांची प्राथमिक वर्गांची पुस्तकं आधी शिक्षकांना वाचायला द्या. महिन्यातून एक दुपार दोन्ही शाळांच्या शिक्षकांना एकत्र बसवता आलं तर फारच छान, चहा-वडापाव तुमचा.

आणि हो, टॉर्चचे जुने बल्ब हल्ली शोधावे लागतात. एलईडी घेतलात तर एका सेलवर पेटणार नाही, दोन लागतील. उलटा लावला तरी पेटत नाही, पण ते मुलांना आधी सांगू नका.